बावीस आणि सत्तर

माझे वडील सैन्यात होते तेव्हा त्यांच्या पलटणीत त्यांच्याच नावाचा आणखी एक जवान होता. नाव तेच, आडनाव तेच, जिल्हाही हाच. बापाचं नाव तेवढं वेगळं. अशी जोडी पडली की सैन्यात नंबराचे शेवटचे दोन आकडे लावून हाक मारतात. तसे बाबा झाले बावीस आणि तो दुसरा झाला सत्तर. लहानपणापासून आमच्या घरात त्याला सत्तर असंच म्हणत. तो वेंगुर्ल्याकडचा, बाबा मालवणकडचे, मसुऱ्याच्या अलीकडचे. पहाऱ्यावर दोघं मालवणीत इतकं बोलायचे की एका सुभेदाराने त्यांच्या पाळ्याच वेगळ्या करून टाकल्या होत्या.

लढाई झाली तेव्हा पलटण पूर्वेकडे होती. "आपल्यासारखोच मुलूख गो," बाबा सांगायचे. माड, पोफळी, केळी, घराघरापुढे तळं. अशाच एका तळ्याच्या कडेने जाताना तोफेचा गोळा जवळ फुटला. त्याचा तुकडा बाबांच्या डाव्या मांडीत घुसला आणि ते केळीच्या बागेत पडले. सत्तरने त्यांना शोधून काढलं, पाठीवर घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून मागच्या तंबूपर्यंत आणलं. वाटभर तो एकच गोष्ट बोलत होता. "डोळे मिटू नको हां बाविस, मालवणची बोट चुकतली." त्या काळी मुंबईहून आमच्याकडे यायला आगबोट असे. तंबूत पोचल्याचं बाबांना आठवत नाही. त्यांना जाग आली ती इस्पितळात, तिसऱ्याच गावी. पुढे त्यांना लंगडत्या पायाने डेपोत बसवलं आणि काही वर्षांनी ते घरी आले. सत्तर पलटणीतच राहिला. बाबांनी त्याला एक-दोन पत्रं टाकली, पण पलटण हलत होती. पत्रांना उत्तर आलं नाही.

लढाईत जखमी होणाऱ्या जवानाला सरकार एक पदक देतं. बाबांना ते मिळालं नव्हतं. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात बाकीची नेहमीची पदकं होती, हे नव्हतं. बाबांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. वाईट वाटायचं ते आईला, आणि त्यालाही एक कारण होतं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधल्या दगडी गडग्यावरून एकदा भांडण झालं, तेव्हा पलीकडच्या बाईने सगळ्या वाडीसमोर आईला ऐकवलं होतं, "आंब्यावरसून पडलो, नि लढायेचो पाय म्हणान मिरवता." त्या दिवसापासून आई बाबांच्या मागे लागली की सरकारकडून लिहून आणा. बाबा हो म्हणत आणि विसरून जात. तिच्या शेवटच्या आजारातही हा विषय एकदा निघाला होता.

आई गेल्यावर मी माझ्या शाळेला सुट्टी असेल तेव्हा बाबांकडे जाऊन राहू लागले. मी कुडाळला हायस्कुलात शिकवते. असाच एक रविवार होता. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी डिस्चार्ज बुक आणि इस्पितळाची जुनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

"एक अर्ज करूचो आसा. तू इंग्लिशीत लिही."

"आता, बाबानू?"

"तुझी आवस सांगा तेव्हा केलंय नाय. आता ती नाय, म्हणान करतंय."

मी अर्ज लिहिला. त्यात त्रागा नव्हता, तक्रार नव्हती. अमुक ठिकाणी जखमी झालो, अमुक इस्पितळात होतो, नोंद राहून गेली आहे, ती दुरुस्त करावी, एवढंच. बाबांनी खाली सही केली आणि सहीखाली आपला पूर्ण नंबर लिहिला. इतक्या वर्षांनी तो त्यांनी न अडखळता लिहिला.

उत्तर आलं ते मे महिन्याच्या तोंडावर. पत्रात लिहिलं होतं की सदर पदक त्याच पलटणीतल्या त्याच नावाच्या, पण वेगळ्या नंबराच्या जवानाला पूर्वीच देण्यात आलं आहे. त्याबाबत चूक असल्यास पुरावा पाठवावा, शक्य असल्यास संबंधित माजी सैनिकाचं निवेदन जोडावं. सोबत त्या जवानाचं गाव दिलं होतं.

बाबांनी मला पत्र दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे सत्तराक गेलां," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हणजे तो वेंगुर्ल्याक आसा. जितो आसा."

पदकापेक्षा ही बातमी त्यांना मोठी वाटली. मला मात्र वाटलं की काम सोपं झालं. ज्याने बाबांना उचलून आणलं तोच सही देईल, आणखी काय हवं? मी निवेदन टाइप करून घेतलं आणि सुट्टीत आम्ही दोघं एसटीने परुळ्याच्या रस्त्याने वेंगुर्ल्याला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते खिडकीशी बसले होते आणि चेहरा उतावीळ होता.

घर बंदरापासून आत, एका काजूच्या कारखान्यामागच्या वाडीत होतं. दारात एक वयस्क बाई सुपात कुळीथ निवडत होत्या.

"कोण होया तुमका?"

"मी तेंच्याच नावाचो," बाबा म्हणाले. "पलटणीतलो."

बाई सूप खाली ठेवून उठल्या. "बाविस?"

"व्हय."

त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आत वळून म्हणाल्या, "अवो, बघा कोण इले ते."

सत्तर खिडकीजवळच्या खाटेवर होता. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी पडलेली. बोलणं जड होतं, पण कळत होतं. त्याच्या उशाच्या वर भिंतीवर काचेची लहान पेटी होती. तिच्यात निळ्या मखमलीवर ते पदक, शेजारी लष्करी वेशातला तरुण फोटो. मी पदक पाहिलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबा खाटेवरच्या माणसाकडे पाहत होते.

"बाविस, इलंस?"

"इलंय रे."

"उशीर केलंस."

"व्हय. उशीर झालो."

बाबा खाटेच्या कडेला बसले. सत्तरने उजव्या हाताने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्यां कोण?"

"माझा चेडू. शाळेत शिकयता."

"बस गो बाय," सत्तर मला म्हणाला. "तुझ्या बापाशीन माका काढल्यान, म्हायत आसा तुका? केळीत पडलेलंय मी. ह्या हंय लागलेला." त्याने चांगला हात आपल्या लुळ्या डाव्या मांडीवर ठेवला. "रगात थांबत नाय. म्हटलंय, मेलंय आता. तर ह्यो इलो. पाठीर घेतल्यान नि पाण्यातसून काढल्यान. वाटेत माका काय सांगी? डोळे मिटू नको, वेंगुर्ल्याची बोट चुकतली."

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं. तो बाबांची गोष्ट सांगत होता, आणि त्यातला पडलेला माणूस तो स्वतः झाला होता. बाबा त्याचे तारणहार झाले होते.

"अरे, तां तू..." बाबा बोलू लागले आणि थांबले.

सत्तरची बायको माझ्या बाजूला उभी होती. ती बाबांना म्हणाली, "दरवर्षी सांगतत हे. तुमी नसतात तर माझा लगीनच झाला नसता. तुमच्यामुळे माझा कुकू. कधीतरी भेटतलास नि पाय धरतलंय, असा म्हटलेला." आणि ती खरोखरच वाकली. बाबा घाईने उठले. "नको, वयनी. नको तां."

त्यांचा मुलगा कारखान्यातून जेवायला आला होता. त्याने आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि भिंतीवरची पेटी उतरवून माझ्या हातात ठेवली. लहानपणी तो आणि त्याची बहीण दर रविवारी हे पदक पुसायचे, असं त्याने सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडील बऱ्याच गोष्टी विसरले, एक ही गोष्ट विसरले नाहीत. त्याआधी ती कशी सांगायचे, हे मी विचारलं नाही. पदक पोस्टाने आलं तेव्हा सत्तरने घरी काय सांगितलं असेल, की काहीच सांगितलं नसेल आणि बाकीचेच तसं धरून चालले असतील, हे आता कळायला मार्ग नाही. मी पेटी परत दिली. निवेदनाचा कागद माझ्या पर्समध्येच होता.

"पावसात ठणकता रे अजून," सत्तर मांडी चेपत म्हणाला.

"म्हायत आसा माका," बाबा म्हणाले.

निघताना सत्तर त्यांचा हात सोडेना. त्याच्या बायकोने एकेक बोट सोडवलं.

स्टँडवर मालवणची गाडी लागलेली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, मुलाला एकट्याला बाजूला घेऊन नीट सांगता येईल. तो शहाणा वाटतो.

"नको," बाबा म्हणाले.

"पण मग नोंद?"

त्यांनी दुखरा पाय लांब केला आणि म्हणाले, "तंबूत इचारल्यानी असतला, नंबर काय म्हणान. माझो पुरो नंबर तेका खंय ठावक? नाव सांगल्यान नि घायगडबडीत नंबर स्वताचो सांगल्यान. माका पाठीर घेवन इल्लो माणूस. तेचा चुकला म्हणूक माझी जीभ उचलना नाय."

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. अर्ज मागे घेत आहे, नोंद आहे तशी राहू द्यावी. मी ते दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आम्हाला वाटलं, विषय संपला.

पण विषय संपला नव्हता. गणपती होऊन गेल्यावर आम्हाला जिल्ह्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथले अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अभिनंदन केलं. इस्पितळाचे मूळ कागद सापडले होते आणि ते बाबांच्या नंबराचे होते. नोंद दुरुस्त झाली होती. बाबांना पदक मिळणार होतं. दुसऱ्या नंबरावरची नोंद रद्द झाली होती आणि ते पदक परत मागवणारं पत्र वेंगुर्ल्याला गेलं होतं.

ऑफिसात बाबा नेहमी शुद्ध मराठी बोलतात, जपून. "साहेब, मी अर्ज मागे घेतला होता."

"पत्र मिळालं, काका. पण चूक एकदा नजरेस आली की ती तशीच ठेवता येत नाही."

"मला ते पदक नको."

"नको म्हणजे? तुम्ही जखमी झाला होतात ना?"

"झालो होतो."

"मग ते तुमचंच आहे."

बाबांनी विचारलं, "ज्याने मला उचलून आणलं, त्याच्या नोंदीत तसं लिहिता येईल? त्याला काही देता येईल?"

अधिकाऱ्यांनी टाळलं नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शौर्याची शिफारस त्या वेळच्या कमांडिंग अधिकाऱ्याने त्याच वेळी करायची असते. ते साहेब आता हयात नाहीत, आणि मुदत केव्हाच टळली. साक्षीदार म्हणून कोण आहे?

"मी आहे."

"तुम्ही शुद्धीवर होतात?"

"निम्म्या वाटेपर्यंत," बाबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता आलं नाही.

दिवाळीच्या आधी वेंगुर्ल्याहून त्या मुलाचा फोन आला. तो रागाने बोलला नाही. बाबांची तब्येत विचारली आणि म्हणाला, "पदक पोस्टान परत धाडलंय, तुमच्या बाबांका सांगा." मी त्याला सगळं सांगू लागले, अर्ज आधीचा होता, आम्ही मागे घेतला होता. तो म्हणाला, "व्हय ताई," आणि फोन ठेवला.

थंडी पडल्यावर बाबांचं पदक आलं. त्यांनी पाकीट फोडलं, पदक उलटसुलट करून पाहिलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. "उद्या वेंगुर्ल्याक जावया," म्हणाले. त्यांना ते त्या भिंतीवर लावायचं होतं. मी त्यांना अडवलं नाही. मलाही वाटलं, जमेल.

मुलगा आम्हाला अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशीच भेटला. आत चला असं म्हणाला नाही.

"काकानू, तुमी आत इलात तर तेंचा बोलणां परत सुरू होतला. भिंतीकडे बघतत नि इचारतत, खंय गेलां? आवस सांगता, पॉलिशाक दिलां. रोज तांच."

बाबांनी खिशातून पदक काढलं. "ह्यां घे. लाव थंय."

त्याने ते हातात घेतलं. पदकाच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो. त्याने तो वाचला आणि पदक परत दिलं. "ह्याच्यार नंबर तुमचो आसा."

"नाव एकच आसा, रे."

"नाव एकच आसा म्हणान तर ह्यां सगळा झाला." त्याने मागे घराकडे पाहिलं. "तुमची चूक नाय, काकानू. तुमचा तां तुमका गावला. पण मी माझ्या पोरांक सांगलेलंय. आता तेंका काय सांगू?"

बोलणं ऐकून त्याची आई बाहेर आली. या वेळी तिने हात जोडले नाहीत. ती बाबांसमोर उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "तुमी तेंका मरणातसून काढलात. नि आता ह्यां कित्याक केलात?"

बाबांनी बेड्याचा खांब धरला होता. "वयनी, मी नाय काढलंय. तेणां माका काढल्यान. केळीत पडलेलो तो मी. पाठीर घेवन इल्लो तो तुमचो घोव."

मला वाटलं होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. नवरा जखमी झाला होता यापेक्षा त्याने दुसऱ्याला वाचवलं हे मोठंच आहे. पण ती म्हणाली, "पदक गेलां. आता तेंचो घाव पण काढून घेतलात?"

ती आत गेली. मुलगा आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला, गाडीची वेळ सांगितली आणि परतला. आतून खाटेवरच्या माणसाचा आवाज आला होता, कोणाला तरी हाक मारत असावा. बाबांनी तो ऐकला की नाही, मला माहीत नाही. ते थांबले नाहीत.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सत्तर वारला. आम्हाला कोणी कळवलं नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या गावच्या एका माणसाने सांगितलं, तेव्हा सुतकाचे दिवस संपत आले होते. बाबा बाराव्याला एकटेच गेले. मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "गेल्लंय. मांडवात बसलंय. जेवूक वाढल्यानी."

जानेवारीत गावच्या शाळेने झेंडावंदनाला बाबांचा सत्कार ठेवला. पदकाची बातमी गावात पोचली होती. बाबा नको म्हणत होते, पण मुख्याध्यापक दोनदा घरी येऊन गेले. शाल, श्रीफळ झालं. गडग्यापलीकडची ती बाई आता फार म्हातारी झाली आहे. तीसुद्धा सुनेचा हात धरून पुढे येऊन बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मला आईची फार आठवण झाली. जे व्हावं म्हणून ती झुरली ते सगळं झालं होतं, पण मला त्यात आनंद होईना.

मुख्याध्यापकांनी बाबांना चार शब्द बोलायला सांगितलं. बाबा उभे राहिले. त्यांनी गोळा फुटल्याचं सांगितलं, केळीची बाग सांगितली. मग म्हणाले, "मला उचलून आणणारा माणूस वेंगुर्ल्याचा होता. त्याचं नाव तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा." आणि त्यांनी सत्तरचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट.

मुलं हसली. पुढच्या रांगेतली मोठी माणसंही हसली. बाबांनी आपलंच नाव घेतलं, असं सगळ्यांना वाटलं. वय झालं की माणूस असा गोंधळतो, म्हणून एक-दोघांनी मायेने मान हलवली. बाबांनी पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला, माझं नव्हे, त्याचं, तो दुसरा होता. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या आणि कोणीतरी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

घरी येताना ते लवकर दमले. वाटेतल्या ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. शाल माझ्या हातात होती. शाळेतून परतणारी मुलं "जय हिंद" म्हणत बाजूने पळत गेली. बाबांनी प्रत्येकाला हात वर केला.

"तो माझ्यापेक्षा बारको होतो," ते म्हणाले. "अंगान. मी बरोच वजनदार होतंय तेव्हा. नि पाणी गुडघाभर." ते खाली वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. "कसो पाठीर घेवन हाडल्यान असतलो गो माका?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पाय झटकला आणि आम्ही घराकडे चालू लागलो.